द्विघाती पृष्ठभागांचा सहा मॉडेलचा संच: वर्षभर वापरल्यानंतर

तीन चलांतली द्विघाती समीकरणं (ज्यांत क्ष, य, झ यांचे वर्ग किंवा दोघांचे गुणाकार येतात आणि ज्यांतून पृष्ठभाग उभे राहतात) मी १९ वर्षं शिकवते आहे, त्यातली १८ वर्षं फक्त फळ्यावर. फळ्यावर एलिप्सॉइड, म्हणजे दाबलेल्या किंवा ताणलेल्या चेंडूसारखा पृष्ठभाग, उमटतो, दुहेरी शंकूही जमून जातो. खोगीर मात्र कितीही जीव ओतून काढा, मागच्या बाकावरून ते वाकलेल्या पत्र्यासारखंच दिसतं. मुलं मान डोलावतात, वहीत तसंच उतरवून घेतात आणि परीक्षेत समीकरणावरून नाव ओळखून मार्क मिळवतात. मागच्या वर्षी वर्गात जन्मापासून न दिसणारा एक विद्यार्थी आला. बीजगणित त्याचं पक्कं होतं. पहिल्याच तासाला मी फळ्याकडे हात करून "हे असं दिसतं" म्हणायला गेले आणि वाक्य अर्ध्यावरच थांबलं. त्याच आठवड्यात हा संच मागवला.

कंपनीचं नाव देत नाही. असे संच बरेच जण बनवतात, आणि घेताना काय तपासायचं ते कुठल्याही संचाला लागू आहे. यात सहा मॉडेल आहेत: एलिप्सॉइड, एकसंध हायपरबोलॉइड (मधे कंबर असलेला नळा), दोन तुकड्यांचा हायपरबोलॉइड, वाटीसारखा पॅराबोलॉइड, खोगीर आणि दुहेरी शंकू. एकसंध हायपरबोलॉइड दोऱ्यांचा आहे, बाकी पाच थ्रीडी प्रिंट केलेले. प्रत्येकाबरोबर समीकरण छापलेलं एक कार्ड येतं. कार्डांवर ब्रेल नाही, ते आम्ही नंतर चिकटवलं.

एलिप्सॉइड संचातलं सगळ्यात मन लावून केलेलं मॉडेल. स्वस्तातल्या संचांत दोन अक्ष सारखे ठेवून काम भागवतात, म्हणजे हाती येतो तो नुसता लांबट चेंडू. इथे तिन्ही अक्ष वेगळे आहेत. कॅलिपर लावून पाहिलं: १२, १० आणि ८ सेंटीमीटर. हा दोन अर्ध्या भागांचा आहे, भाग चुंबकाने एकमेकांना धरून राहतात, आणि काप सरळ मधोमध आडवा किंवा उभा घेतलेला नाही. तो तिरका आहे. पहिल्यांदा मला वाटलं, कारखान्यात काहीतरी चुकलं. मग उघडलेल्या भागाची कड मोजली. कुठूनही मोजा, व्यास १० सेंटीमीटरच. तीन असमान अक्षांच्या एलिप्सॉइडला मधल्या अक्षातून जाणाऱ्या प्रतलाने योग्य कोनात कापलं तर छेद लंबवर्तुळ न येता अचूक वर्तुळ येतो, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि कुणी थांबून वाचत नाही. या मापांना तो कोन लांब अक्षापासून सुमारे ३६ अंश येतो. माझ्या विद्यार्थ्याने दोन्ही भाग वेगळे केले, कडेवरून बोट गोल फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, बाहेरून कुठेच गोल नाही आणि आतून गोल आहे." पुढचा प्रश्न त्यानेच विचारला: उलट बाजूला तेवढाच तिरका काप घेतला तर? तोही वर्तुळच. समीकरणात फक्त वर्ग आहेत, त्यामुळे उजवीकडे झुकलेलं आणि डावीकडे झुकलेलं प्रतल यांच्यात फरक पडत नाही. ज्याने हे मॉडेल असं कापायचं ठरवलं त्याला विषय कळतो.

तीच माणसं वाटीच्या बाबतीत घाईत असावीत. पॅराबोलॉइडची कड लंबवर्तुळाकार आहे, १० बाय ७ सेंटीमीटर, उंची ८. इथवर ठीक. पण कार्डावर लिहिलंय की अक्षाला समांतर येणारे सगळे किरण परावर्तित होऊन एका बिंदूत मिळतात. गोल कडेच्या पॅराबोलॉइडबद्दल हे खरं आहे, डिश अँटेना त्यावरच चालते. या वाटीबद्दल खरं नाही. रुंद बाजूने उभा छेद घेतला तर मिळणाऱ्या अन्वस्ताची (पॅराबोलाची) नाभी, म्हणजे किरण जिथे एकत्र येतात तो बिंदू, तळापासून जवळपास ८ मिलिमीटरवर येते, अरुंद बाजूच्या अन्वस्ताची ४ मिलिमीटरच्या आत. दोन छेद, दोन नाभी, मग किरण एका जागी कसे मिळणार? विद्यार्थी असलं कार्ड पाठ करतात, म्हणून ही चूक मला लागते. ती ओळ मी खोडून टाकली आहे.

वाटीबद्दल आणखी एक. प्रिंटची भिंत सगळीकडे सारखी, ३ मिलिमीटर जाड ठेवली आहे. त्यामुळे आतला पृष्ठभाग समीकरणाप्रमाणे आहे, बाहेरचा नाही. पॅराबोलॉइडपासून लंब दिशेने सारख्या अंतरावर असलेला पृष्ठभाग द्विघाती राहत नाही. तोच पृष्ठभाग नुसता खाली सरकवून बाहेरची बाजू केली असती तर आत-बाहेर एकच समीकरण राहिलं असतं, फक्त स्थिर पद बदललं असतं. दिसणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. जो बाहेरून आकार चाचपतो त्याला तळाशी वाटी जरा बोथट लागते, आणि तशी ती लागली. आता आम्ही वाटी फक्त आतून वाचतो.

दोन तुकड्यांच्या हायपरबोलॉइडमध्ये एका दांड्यावर पाठीला पाठ लावलेल्या दोन वाट्या आहेत. कार्डावरचं समीकरण झ² − क्ष² − य² = ४, म्हणजे दोन तळांमधलं अंतर ४ सेंटीमीटर हवं. दांड्यावरची खूण ३ वर. वाट्या सरकत्या आहेत, म्हणून मी ४ वर आणून गोंदाने पक्क्या केल्या. अंतर चुकलं तर हे एका समीकरणाचं मॉडेल राहत नाही, दोन सुट्या वाट्या उरतात.

शंकू साधा आणि बिनचूक आहे. क्ष² + य² − झ² च्या उजव्या बाजूला धन संख्या असली तर एकसंध हायपरबोलॉइड, शून्य असलं तर शंकू, ऋण असली तर दोन तुकडे. शंकू या दोघांमधला उंबरठा आहे, हे मी आता शंकू आणि त्या दोन वाट्या शेजारी ठेवून सांगते.

आता दोऱ्यांचं मॉडेल. संच घ्यायचा तर याच्यासाठी घ्यावा, आणि सगळ्यात जास्त तक्रार आहे तीही याचीच.

दोन गोल चकत्या, १६ सेंटीमीटर अंतरावर बसवलेल्या. प्रत्येक चकतीच्या कडेला ६ सेंटीमीटर त्रिज्येवर २४ भोकं, आणि वरच्या भोकातून सरळ खालच्या भोकात जाणारी २४ इलॅस्टिक. सुरुवातीला हा वृत्तचितीचा (सिलिंडरचा) पिंजरा असतो. वरची चकती फिरवायची, दर ३० अंशांना ती टक्कन अडकते. फिरवत गेलं की उभ्या दोऱ्या तिरक्या होतात आणि मधला भाग आत यायला लागतो. कंबर तयार होते. दोरी एकही वाकत नाही, तरी सगळ्यांनी मिळून धरलेला पृष्ठभाग वाकडा असतो. हायपरबोलॉइड असा सरळ रेषांचा बनतो हे इंग्लिश वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने १६६९ मध्ये मांडलं, आणि रशियन अभियंता व्लादिमिर शुखोवने १८९६ मध्ये निझनी नोवगोरोदच्या प्रदर्शनात सरळ लोखंडी पट्ट्यांचा मनोरा याच तत्त्वावर उभा केला.

हिशेब सोपा आहे आणि हाताशी पडताळता येतो. कंबरेची त्रिज्या म्हणजे चकतीची त्रिज्या गुणिले फिरवलेल्या कोनाच्या अर्ध्याचा कोसाइन. ६० अंशांना ५.२ सेंटीमीटर, ९० ला ४.२४, १२० ला बरोबर ३. विद्यार्थ्याने दोन्ही हातांची बोटं कंबरेभोवती कड्यासारखी धरली आणि मी चकती फिरवत गेले. प्रत्येक टक्क आवाजाला तो कडं आवळत होता. १२० ला त्याने थांबायला सांगितलं, "अर्धी झाली." मग आम्ही समीकरण काढलं: क्ष² + य² − (२७/६४)झ² = ९. झ ला ८ घातलं की त्रिज्या ६ मिळते, म्हणजे पुन्हा चकतीची कड. १८० अंशांना सगळ्या दोऱ्या मध्यात एकमेकींना छेदतात आणि हायपरबोलॉइडचा शंकू होतो. तिथे २४ इलॅस्टिकची गाठोडी होते, टोकदार बिंदू मिळत नाही, पण त्याला इलाज नाही, दोऱ्यांना जाडी असते.

त्या दिवशी त्याने चकती उलट्या बाजूने फिरवून पाहिली. मी कधी फिरवली नव्हती. १२० अंश उजवीकडे आणि १२० अंश डावीकडे, कंबर तीच, समीकरण तेच, दोऱ्या मात्र दुसऱ्या बाजूला झुकलेल्या. एकाच पृष्ठभागावर सरळ रेषांची दोन कुळं असतात हे मी दरवर्षी सिद्ध करून दाखवते. चकती दोन्हीकडे फिरवून ते इतक्या थोडक्यात कळतं हे मला त्या तासाला समजलं. कार्डावर याचा उल्लेखही नाही. दुसऱ्या कुळाच्या दोऱ्या वेगळ्या रंगात आधीच ओवून दिल्या असत्या तर चकती फिरवताना दोन्ही कुळं एकाच पृष्ठभागावर राहिली नसती, त्यामुळे एकच कुळ देण्याचा निर्णय मला पटतो. फक्त "उलटंही फिरवा" एवढे दोन शब्द छापायला हवे होते.

तक्रार इलॅस्टिकची. चकत्यांमधलं अंतर १६ सेंटीमीटर पक्कं आहे, तेव्हा शून्य अंशाला दोरी १६ लांब, १२० ला १९ आणि १८० ला २०. म्हणजे प्रत्येक वेळी ती पाव पटीने ताणली जाते. दोन महिन्यांत इलॅस्टिक सैल पडलं. शून्य अंशाला दोऱ्या लोंबायला लागल्या, ६० ला मधे झोल दिसायला लागला, म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी मॉडेल आहे तीच गेली. दोरी सरळ नसेल तर या वस्तूला काही अर्थ उरत नाही. कंपनीला कळवलं, त्यांनी नवीन इलॅस्टिकचं पाकीट पाठवलं, तेही तसंच सैल पडलं. यावरचा उपाय फार जुना आहे. पॅरिसमध्ये भूमिती शिकवणाऱ्या थिओडोर ऑलिव्हिएने एकोणिसाव्या शतकात अशी दोऱ्यांची मॉडेल बनवली, त्यांत दोऱ्यांच्या टोकांना शिशाची वजनं बांधलेली असत. दोरी किती लांब लागते याची चिंता नाही, वजन तिला आपोआप ताणून धरतं. आम्ही इलॅस्टिक काढलं, न ताणणारा मेणाचा दोरा घेतला, तो खालच्या चकतीच्या भोकांतून आरपार सोडला आणि प्रत्येक टोकाला एकाच मापाचा लोखंडी नट बांधला. चकती उंच पायांवर ठेवली. २४ नट आता खाली लटकतात, चकती फिरवली की सगळे एकदम वर सरकतात आणि परत आणली की खाली येतात. वर्ष संपत आलं, दोरे अजून तारेसारखे सरळ आहेत. ज्यांनी संच घेतलाय त्यांनी पहिल्याच दिवशी हे करावं. एक दुपार पुरते.

खोगीर पाहून मी सुरुवातीला निराश झाले होते. १२ सेंटीमीटर चौरस पायावर भरीव, गुळगुळीत प्रिंट, झ = क्ष² − य² या जातीचं. यावरही सरळ रेषांची दोन कुळं असतात, पण मॉडेलवर एकही रेष कोरलेली नाही. साध्या खाचा पाडल्या असत्या तर बोटाला लागल्या असत्या. परत पाठवायचं म्हणून मी ते वेगळंही काढून ठेवलं होतं.

तासाला ते त्याच्या हातात गेलं. आधी त्याने तळव्याने पाहिलं, एका दिशेने हात चढतो, दुसऱ्या दिशेने उतरतो. मग त्याने खिशातली प्लॅस्टिकची पट्टी काढून मध्यावर उभ्या कडेने ठेवली. चढत्या दिशेने ठेवली तर पट्टी दोन टोकांवर टेकते आणि मधे पोकळी राहते. उतरत्या दिशेने ठेवली तर मधे टेकते आणि दोन्हीकडे डुलते. तो पट्टी हळूहळू फिरवत राहिला. वर्गात कुणी बोलत नव्हतं. एका जागी तो थांबला, पट्टीवर वरून बोटाने दाबलं, टोकांवर दाबलं, खाली नख घालून फट शोधली. "इथे हलत नाही. पूर्ण बसली." बरोबर ४५ अंशांवर. मी काही बोलायच्या आत त्याने दुसऱ्या बाजूचे ४५ अंशही शोधले होते.

मग मी त्याला मध्य सोडून दुसरीकडे ठेवायला सांगितलं. तिथेही पट्टी बसली, आणि तो म्हणाला की वरून पाहिलं तर पट्टीची दिशा तीच आहे, फक्त तिचा उतार बदललाय. अगदी खरं. झ = (क्ष − य)(क्ष + य) असं लिहा. पहिला कंस कुठल्याही संख्येवर गोठवला की उरतं ते एकघाती, म्हणजे सरळ रेष. संख्या बदलली की रेष बाजूला सरकते आणि कलते, पण तिची जमिनीवरची सावली पहिलीला समांतरच राहते. दुसरा कंस गोठवला की दुसरं कुळ. हे अवयव मी १८ वर्षं फळ्यावर पाडत आले आणि ते पृष्ठभागावर कुठे असतात हे कुणाला बोटाने दाखवलं नव्हतं.

त्यानंतर अख्ख्या वर्गाने पट्टी घेऊन संच तपासला. एलिप्सॉइडवर पट्टी कुठेच बसत नाही, सगळीकडे डुलते. दोन तुकड्यांच्या वाट्यांवर बाहेरून तेच. पॅराबोलॉइडच्या वाटीत आतून ती नेहमी दोन टोकांवर टेकते. शंकूवर शिखर सोडून कुठेही एकाच दिशेने बसते. खोगिरावर प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, आणि दोऱ्यांच्या हायपरबोलॉइडवरही दोन, त्यातली एक दोऱ्यांच्या बाजूने. सहा मॉडेलची अशी विभागणी कुठल्याही कार्डावर नाही आणि माझ्या टिपणांतही नव्हती. खाचा असत्या तर बोट खाचेवरून गेलं असतं आणि पट्टी खिशातच राहिली असती. खोगीर मी परत पाठवलं नाही.

शेवटची तक्रार कार्डांबद्दल, आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. सहाही कार्डांवर समीकरणं नीटनेटकी, अक्षांना जुळवून लिहिलेली आहेत. क्षय, यझ, झक्ष ही मिश्र पदं एकाही कार्डावर नाहीत. तीन चलांच्या सर्वसाधारण द्विघाती समीकरणाला १० सहगुणक असतात, आणि समोर येणारी बहुतेक समीकरणं अशी वाकडीच असतात. सुटसुटीत रूप हा प्रवासाचा शेवट आहे, कार्ड तिथूनच सुरू होतं. मॅट्रिक्स (सहगुणकांचा चौकोनी तक्ता) मांडणं, आयगेन व्हॅल्यू (नव्या अक्षांवर वर्गांना येणारे सहगुणक) काढणं, त्यांच्या चिन्हांवरून जात ओळखणं, हे खरं काम त्याच्या आधीचं. सममित मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू नेहमी वास्तव असतात हे फ्रेंच गणिती कोशीने १८२९ मध्ये सिद्ध केलं, म्हणूनच नवे अक्ष नेहमी सापडतात.

मी कार्डांच्या मागे स्वतः समीकरणं लिहिली. त्यातलं सगळ्यात आवडतं:

क्ष² + य² + झ² + २त(क्षय + यझ + झक्ष) = १

यात त ही बदलती संख्या. मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू १ + २त, १ − त आणि पुन्हा १ − त. त शून्य असेल तर हा गोल. त वाढवत १ कडे नेला की गोल चपटा आणि पसरट होत जातो, आणि १ ला पोचला की दोन समांतर प्रतलं उरतात. उलट दिशेने उणे अर्ध्याकडे गेलं की तो लांबत जातो आणि उणे अर्ध्याला वृत्तचिती होतो. त्याच्याही पलीकडे एकसंध हायपरबोलॉइड, आणि १ च्या पलीकडे दोन तुकडे. अशा चाळीस-पन्नास ओळींची पुस्तिका संचात असती तर त्याची किंमत माझ्या लेखी दुप्पट झाली असती.

एवढ्या खटपटी करूनही मी हा संच घ्या असंच सांगेन. एलिप्सॉइड आणि दोऱ्यांचं मॉडेल (नट बांधून) यांच्यासाठी नक्की, खोगिरासाठीही. वाटीचं कार्ड दुरुस्त करून वापरा आणि वाट्यांमधलं अंतर मोजून घ्या.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात मी वर्गाला क्ष² + य² + झ² + ४(क्षय + यझ + झक्ष) = ५ दिलं आणि शाडूची माती दिली. सगळे सहगुणक धन आहेत म्हणून अर्ध्या वर्गाने एलिप्सॉइड वळायला घेतला. माझ्या त्या न दिसणाऱ्या विद्यार्थ्याने आधी तोंडी आयगेन व्हॅल्यू काढल्या, ५, उणे १, उणे १, आणि पेन्सिल तिरकी धरली, तिन्ही अक्षांशी सारखा कोन करून. तिच्यावर दोन वाट्या बसवल्या, तळांत दोन बोटांचं अंतर ठेवून. मी हात लावून पाहिलं, वाट्या फारच पसरट वाटल्या. म्हटलं, "अरे, जरा खोल कर." "नाही मॅडम," तो म्हणाला, "शंकूचा अर्धा कोन ६६ अंश आहे. क्ष-अक्षावर वर्गमूळ ५ ला पृष्ठभाग लागायला हवा, य आणि झ वरही. तिन्ही अक्षांची धन टोकं या एकाच वाटीतून बाहेर पडतात. मोजून बघा." मी पट्टी मागितली आणि मोजलं.